बघून कळत नाही

मे महिन्यात पेणला पंख्याखाली बसलेलं माणूसही घामानं निथळतं. तेव्हासुद्धा माझी आई मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायची. शिंपी दर वेळी विचारायचा, एवढ्या लांब बाह्या कशाला? ती दर वेळी सांगायची, मला वारा बाधतो. वारा कसला बाधतोय. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण होतं, तिच्या लहानपणी ठाकरवाडीतल्या सगळ्या मुलींच्या हातांवर असायचं तसं. कपाळावरचं गोंदण मोठ्या टिकलीखाली जायचं आणि हातांवरचं बाह्यांखाली. आम्ही ठाकर. रोह्याच्या मागच्या डोंगरात आमची वाडी. आज मी हे सरळ लिहून मोकळी होते, पण लहानपणी हे वाक्य घराबाहेर बोलायची मला बंदी होती.

वडील आश्रमशाळेत शिकले आणि पेणला एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले. आईला घेऊन ते खाली उतरले तेव्हा राहायला खोली हवी होती. पहिली खोली मिळाली, सामान लावलं, आणि थोड्याच दिवसांत मालकाचा भाऊ चौकशी करत आला. कुठले, कुणाचे, देव कुठला, लग्नं कशी लावता. वडिलांनी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सामान ओटीवर आलं. दुसऱ्या खोलीत पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी विचारणारी बाई दारात आली तेव्हा वडील कामावर होते आणि आईनं बोलायचं काम स्वतःकडे घेतलं. आम्ही मराठे, ती म्हणाली. खोली मिळाली, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही त्याच घरात काढली.

ही घरमालकीण म्हणजे एका शिक्षकाची बायको, स्वभावानं चांगली. आईनं तिच्याकडे बघून बघून सगळं उचललं. वरणाला फोडणी कशी द्यायची, हळदीकुंकवाला काय बोलायचं, सत्यनारायणाला प्रसाद किती गोड लागतो, 'नाय' न म्हणता 'नाही' कसं म्हणायचं. शाळेत मी शिकले नसेन एवढं ती त्या ओटीवर शिकली. पावसाळ्याच्या तोंडावर वाडीच्या बायका शेवळं, करटोली असल्या रानभाज्या घेऊन पेणच्या बाजारात बसायच्या, तेव्हा ती रस्ता ओलांडून पलीकडून चालायची. एकदा त्यातल्या एकीनं तिला ओळखलं आणि गो, गो करत हाक मारली. आईनं माझा हात घट्ट धरला आणि सांगितलं, "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय." घरी येऊन ती जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय.

मी शाळेत असतानाच वडील गेले. खबर वाडीला पोचली आणि सगळी भावकी अंत्ययात्रेला खाली आली, तेव्हा बिंग फुटलं. आईनं त्या लोकांना त्याच दिवशी परत पाठवलं आणि तेरावं भटजी बोलावून केलं. माझा सख्खा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, जाताना आमच्या दारात पाणीही न पिता गेला. आई मात्र घरमालकीण कधी येते आणि कधी खोली सोडा म्हणते, याचीच वाट बघत होती. ती आली. ओटीवर टेकली. मग म्हणाली, "अगो, इतकी वर्षं झाली, पण आम्हाला कळलंसुद्धा नाही. तुझ्याकडे बघून कुणाला कळायचं नाही हो." आणि खोली राहू दिली.

हे वाक्य आईनं मला किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. दुसऱ्या कुणाची आई मुलीला स्वतःच्या लग्नाची हकिगत सांगत असेल, माझी हे सांगायची. बघून कळत नाही. मला या वाक्याची चीड यायची, पण त्याच वाक्याच्या जोरावर आमच्या डोक्यावर छप्पर होतं, हेही मला माहीत होतं.

वडिलांनी जिवंतपणी एक शहाणपणाचं काम केलं होतं. माझा जातीचा दाखला काढून ठेवला होता, अनुसूचित जमाती, ठाकूर; सरकारी कागदात ठाकरांना ठाकूर लिहितात. त्यावर मला राखीव जागेतून रोह्याला एका कचेरीत लिपिकाची नोकरी मिळाली. आईचा आनंद काय सांगू. नोकरी कुठल्या जागेवरची, हे मात्र तिनं शेजारी कुणाला सांगू दिलं नाही. मी रोज पेणहून रोह्याला जायची, लग्न झाल्यावरही. नवरा आमच्यातलाच. तो रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत ठेकेदाराकडे होता आणि सासरी कुणी नसल्यानं आईजवळच राहायला आला. पुढे ठेकेदारानं माणसं कमी केली आणि नवरा घरी बसला. घर माझ्या पगारावर आलं. नेमकं त्याच वर्षी कचेरीतून पत्र मिळालं, की जात पडताळणी करून वैधता प्रमाणपत्र आणा, नाहीतर सेवा संपुष्टात.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दाखला असून भागत नाही. तो खरा आहे की खोटा, हे एक समिती तपासते. आधी कागद बघतात, मग घरी माणूस पाठवतात. तो माणूस तुमचे देव, लग्न, मयत, सण सगळं विचारतो आणि त्या जमातीच्या रितींशी ते जुळतं का ते ठरवतो. याला आप्तभाव म्हणतात. हे सगळं उगाच आलेलं नाही. ठाकूर आडनावाचा फायदा घेऊन खोटे दाखले काढणारे, आमच्या जागा खाऊन वर साळसूदपणे मिरवणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांना पकडायलाच हवं. पण रोह्याच्या एका एजंटनं मला हसत हसत सांगितलं होतं की तसले लोक बहुतेक वेळा पास होतात, कारण ते उत्तरं पाठ करून बसतात. नापास खरे होतात. मला तो चहाटळ वाटला. मी म्हटलं, आम्हाला पाठ कशाला करायला हवं, आम्ही तर आहोतच.

मी आईला बजावलं होतं की जातीची चौकशी करायला सरकारी माणूस येईल, नीट उत्तरं दे. ती हो म्हणाली. मी रोह्याला असताना तो आला. संध्याकाळी घरी पोचले तर आई खुशीत. तिनं नवी साडी नेसली होती, कपबशा पुसून मांडणीवर ठेवत होती. काही काळजी करू नको, म्हणाली. मी असं सांगितलंय की त्याला काही बोट ठेवायला जागाच नाही.

काय सांगितलंस, मी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. कुलदैवत विचारलं, तर तिनं घरमालकिणीचं सांगितलं. लग्न भटजी लावतात, मंगलाष्टकं होतात. घरात गौरी-गणपती, श्रावणात सत्यनारायण. वाघबारशीला रानाच्या हद्दीवर वाघदेवाला खीर करता का, असं त्यानं दोनदा विचारलं, तर तिनं सांगितलं, छे, आमच्यात नाही तसलं काही. वडील गेल्यानंतर शेजारी राहायला आलेल्या बाईला त्यानं विचारलं, तर तीही म्हणाली, चांगली मराठ्यांची माणसं, आमच्यात उठबस आहे त्यांची. हे सांगताना आईचा चेहरा फुलला होता.

मी दारातच खाली बसले. मला वाटलं हिचे खांदे धरून गदागदा हलवावं. मी ओरडलेच, अगं, तो आपण ठाकर आहोत का हे बघायला आला होता! आई माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "ठाकर आहोत असं सांगितल्यावर कुणी काही दिलंय का गो आजवर?"

जातीची चौकशी करायला माणूस दारात येतो तो एकाच कामासाठी, हे तिनं दोन खोल्या गमावून शिकून ठेवलं होतं. इतकी वर्षं जे उत्तर देऊन तिनं आमचं घर टिकवलं, तेच तिनं पुन्हा दिलं. त्याच उत्तरानं आता घर जाणार होतं, हे तिला कळावं तरी कसं? पण त्या संध्याकाळी मला एवढा समजूतदारपणा सुचला नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं आणि नवरा बिचारा दोघींच्या मध्ये ताटं वाढत राहिला.

अहवालाची प्रत आली. जमातीशी आप्तभाव सिद्ध होत नाही. म्हणणं मांडायला सुनावणीची तारीख मिळेल. वकील म्हणाला, वडिलांच्या बाजूच्या माणसाचं शपथपत्र लागेल, तो माणूस सुनावणीलाही हवा, आणि आईला पुन्हा उभी करावी लागेल. म्हणजे काकाकडे जाणं आलं.

रोह्याहून जीप, मग चढण. वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदाच वाडीत जात होती. वाडी मात्र तिच्या आठवणीतली राहिली नव्हती. सिमेंटची घरं, छपरावर डिश, आणि एका अंगणात लग्नाचा मांडव पडलेला, त्यात डीजेचे ठोकळे. नवरा मुलगा धाटावला कंपनीत होता आणि लग्न लावायला रोह्याहून भटजी येऊन गेला होता. मला हसावं की रडावं कळेना. धवळेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, वाडीत एकच उरली होती आणि तिला आता तोंडदेखलं हळदीपुरतं बोलवत. समितीचे प्रश्न जुन्या पुस्तकातले होते, आणि पुस्तकातली माणसं डोंगरातही सापडेनात.

काका ओटीवर विळा घासत बसला होता. त्यानं बस म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता तो माझं, पण बघत होता आईकडे.

"वयनी, भावाचं दिवस आमाला करू दिलं नाय तू. आमी तुझं नाय असं तूच बोललीस. आता मी लिवून काय देऊ?"

आईनं पदरातून हात बाहेर काढले आणि बाह्या वर सारल्या. भर ओटीवर, लोकांसमोर, मी तिचे ते हात पहिल्यांदाच उघडे बघितले. काकानं विळा बाजूला ठेवला. शपथपत्रावर त्यानं सही केली, पण आमच्याशी धड बोलला नाही.

सुनावणीपर्यंतचे दिवस मी आईला छळलं, दुसरा शब्द नाही. जे विसरण्यात तिची उभी हयात गेली, ते मी तिच्याकडून घोकून घ्यायला लागले. वाघदेवाचं ठाणं कुठं? खीर कोण करतं? त्या दिवशीच्या खेळात वाघ कोण होतं, त्याला कोण पळवतं? नवरीला हळद कोण लावतं? कधी कधी ती उत्तर द्यायची थांबायची आणि स्वतःशीच हसायची, काहीतरी आठवून. तिच्या बोलण्यात 'नाय' परत आलं, 'हाय' परत आलं. मला वाटायला लागलं की जमेल. शिंप्याकडे जाऊन मी तिचे ब्लाउज कोपराच्या वर कापून आणले. शिंपी म्हणाला, वारा बाधायचा थांबला वाटतं.

समितीची कचेरी खाडीपलीकडच्या शहरात. काकाला बाहेर बाकावर बसवलं, आम्हा दोघींना आत घेतलं. टेबलामागे तिघं होते, त्यात एक बाई, बोलायला मऊ. आईनं सवयीनं हात पदराखाली घेतले. मी म्हटलं, आये, हात वर ठेव. तिनं ठेवले. त्या बाईंनी बघितलं आणि सहज म्हणाल्या, गोंदण काय, आमच्या आजीलाही होतं, जुन्या बायकांना असतंच. आईनं माझ्याकडे बघितलं. सगळे उन्हाळे तिनं ज्यासाठी घामात काढले, त्याची किंमत एवढीच होती.

मग प्रश्न सुरू झाले. आई बरी बोलली, अडखळत, पण खरं बोलली. लग्न कोण लावतं, तर धवळेरी. त्या बाई पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "मग आजी, धवळेरीचं एखादं गाणं म्हणून दाखवा. चार ओळी झाल्या तरी चालतील."

मला हायसं वाटलं, कारण हे गाणं आईला येत होतं. मी लहान असताना, वडील असताना, दार लावून भाकऱ्या थापताना ती ते गुणगुणायची. पण आई गप्प. मी कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, म्हण ना गो आये. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"माझ्या तोंडातनं नको. रांडाव बायनं लग्नाचं गाणं काढलं तर पोरीच्या नवऱ्यावर जातं. तुझा नवरा हाय गो घरात."

मी तिला विनवलं. तिथंच, त्या तिघांसमोर, हात जोडून विनवलं. तिनं मान हलवली, आणि ती मान मला ओळखीची होती. खोलीसाठी खोटं बोलताना जी बाई कचरली नव्हती, ती नोकरीसाठी चार ओळी गायला तयार नव्हती. मी समितीला सांगितलं की आमच्यात ही गाणी सवाष्णच म्हणते, विधवेनं म्हणायची नसतात, म्हणून ती म्हणत नाही. हाच तर आप्तभाव आहे, साहेब, आणखी काय असतो? मधले गृहस्थ चष्मा पुसत होते. ते चिडले नव्हते, दमलेले होते. म्हणाले, त्या दिवशी भटजी लग्न लावतो म्हणाल्या, आज धवळेरी म्हणतात, आणि गाणं मागितलं तर आता हे नवीनच. मी म्हटलं, बाहेर काका आहे, त्याला विचारा. ते म्हणाले, त्यांचं शपथपत्र आलंय. आणि ते तुमचेच, तुमच्या बाजूनंच सांगणार. टायपिस्टला त्यांनी सांगितलं, लिहा, अर्जदाराच्या आईस जमातीचे विवाहगीत सांगता आले नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले, आई आणि काका समोरच्या बाकावर. मी कुणाशी बोलत नव्हते. काकानं आईला विचारलं, आत काय झालं. तिनं सांगितलं. गाडीनं खाडीचा पूल ओलांडला. मग त्यानं पिशवीतली पाण्याची बाटली काढून आधी तिला दिली.

"बरं केलंस, वयनी," तो म्हणाला. "नसतं म्हणायचं."

वडिलांच्या मरणानंतर त्यानं तिला दिलेला हा पहिला चांगला शब्द. ज्या दिवशी सरकारनं तिला वाडीतून काढलं, त्याच दिवशी वाडीनं घेतलं. आई पाणी प्यायली आणि तोंड पुसून खरोखर सुखानं बसली. मला त्या दोघांचा एवढा संताप आला की उतरून चालत जावंसं वाटलं. तुमच्या रिती तुम्हाला लखलाभ, माझ्या घरात उद्या चूल कशी पेटणार ते कुणी सांगा. तेलही गेलं, तूपही गेलं आणि माझ्या हाती धुपाटणं. पेणला आम्ही उतरलो, काका पुढे जाणार होता, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

आदेश आला तो मी एका दुपारी घरीच घेतला, पोस्टमन माझ्या हाती देऊन गेला. दावा अवैध, दाखला रद्द. त्या कागदामागून कचेरीचा कागद येणार आणि माझी खुर्ची जाणार, हे वाचतानाच कळलं होतं. वरच्या कोर्टात जा, असं वकील म्हणाला होता. तो तसं सगळ्यांनाच म्हणत असणार. नवऱ्यानं तोवर कुणाची तरी रिक्षा चालवायला घेतली होती. तो ठणठणीत होता, सुनावणीपासून त्याला साधं पडसंही झालं नव्हतं, आणि हे आई मला अधूनमधून ऐकवायची.

ती तांदूळ निवडत बसली होती. काय लिहिलंय वाच, म्हणाली. मी म्हटलं, सरकारी भाषा आहे, तुला काय कळणार. वाच तरी, म्हणाली. मी वाचलं. अर्जदाराच्या कुटुंबाची राहणी, बोली व चालीरीती पाहता ते सदर जमातीचे असल्याचे दिसून येत नाही.

आईचे हात सुपात थांबले. "म्हंजे बघून कळलं नाय त्यांना?" तिनं विचारलं.

आणि तिचा चेहरा फुलला. अगदी क्षणभरच, पण मी बघितलं. घरमालकिणीचं वाक्य सांगताना फुलायचा, तस्साच. मग तिच्या ध्यानात आलं की हा कागद कसला आहे. ती माझ्याकडे बघेना. तिनं उजवी बाही खाली ओढायला हात नेला, आणि बाही तिथं नव्हती, मीच कापून आणली होती. बोटं तशीच उघड्या गोंदणावर फिरत राहिली.

"नाय, आये," मी म्हटलं. "कुणालाच नाय कळलं."

तिनं सूप पुढे ओढलं आणि खडे वेचायला लागली.